भातखाचरातला आणि सड्यावरचा बेडूक: एक प्रजाती की दोन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सावंतवाडीजवळच्या भातखाचरांत आणि त्यांच्या वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पावसाळ्यात अंगठ्याएवढे तपकिरी बेडूक दिसतात. दिसायला दोन्हीकडचे सारखेच, पण खाचरातला नर एका लयीत ओरडतो आणि सड्यावरचा दुसऱ्या. सड्यावरच्या एका बेडकाचा १६एस जीन (प्रजाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) तुम्ही प्रयोगशाळेतून वाचून घेतलात, तर जनुकीय माहितीच्या संगणकी साठ्यातल्या सर्वांत जवळच्या सिक्वेन्सपेक्षा, म्हणजे डीएनएच्या अक्षरक्रमापेक्षा, तो साडेतीन टक्क्यांनी वेगळा निघाला. फोटो जाणकारांना दाखवले तर प्रत्येकाने निराळं नाव सांगितलं. आता तुम्ही विचारता आहात की तीन टक्क्यांची मर्यादा ओलांडली म्हणजे नवी प्रजाती धरायची का, आणि तेवढ्यावर भागत नसेल तर आणखी कोणते पुरावे गोळा करायचे.

आधी प्रश्नच थोडा सोडवून घेऊ, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. पहिला: खाचरातले आणि सड्यावरचे बेडूक हे स्वतंत्रपणे उत्क्रांत होत असलेले दोन वंश आहेत का? दुसरा: असतील, तर त्यांतल्या कोणाला आधीच नाव मिळालेलं आहे? पहिल्याचं उत्तर रात्रीच्या पावसात, शेतात आणि मग प्रयोगशाळेत मिळतं. दुसऱ्याचं उत्तर संग्रहालयातल्या बाटल्यांमध्ये आणि शंभर वर्षांपूर्वीच्या लिखाणात असतं. तुमचा साडेतीन टक्क्यांचा आकडा सध्या या दोन्हींपैकी कशालाच लागू होत नाही. तुम्ही सड्यावरचा बेडूक तपासलात, खाचरातला तपासलेलाच नाही. तुलना झाली ती साठ्यातल्या तिसऱ्याच कुठल्यातरी बेडकाशी, आणि त्याच्यावर चिकटवलेलं नाव बरोबर आहे याची खात्री कोणी दिलेली नाही.

या गटात नावांवर इतका अविश्वास का, हे कळायला मागे जावं लागेल. १८२९ मध्ये ग्रॅव्हेनहॉर्स्ट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने जावा बेटावरच्या एका बेडकाला राना लिम्नोकॅरिस हे नाव दिलं. त्यानंतर दीडेकशे वर्षं दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या भातशेतांमधला जवळपास प्रत्येक लहानखुरा, पाठीवर चामखिळीसारखे उंचवटे असलेला बेडूक याच नावाखाली नोंदला गेला. आपल्याकडच्या जुन्या याद्या उघडून बघा, कोकणातल्या खाचरातही लिम्नोकॅरिस सापडेल. १९१९ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले संचालक नेल्सन अॅनंडेल यांनी मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांवरचे बेडूक तपासताना साताऱ्याच्या वेण्णा खोऱ्यातल्या मेढ्याचे नमुने बघितले आणि त्यांना लिम्नोकॅरिसची उपप्रजाती म्हणून सिहाद्रेन्सिस हे नाव दिलं. हे नाव पुढे कितीतरी वर्षं बाजूलाच पडून राहिलं.

मग गेल्या पंचवीस वर्षांत चित्र झपाट्याने बदललं. २००१ मध्ये दुब्वा, ओलर आणि बिजू यांनी कर्नाटकातल्या गुंड्याहून मिनर्वार्या सह्याद्रिस हा चिमुकला बेडूक नव्या जीनससकट (जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) वर्णिला. २००७ मध्ये कुरामोतो आणि सहकाऱ्यांनी मध्य सह्याद्रीतल्या, दिसायला जवळजवळ सारख्याच असलेल्या बेडकांमधून चार नव्या प्रजाती वेगळ्या काढल्या, आणि त्यासाठी मोजमापं, आवाज व जनुकीय माहिती एकत्र लावली. २०१५ मध्ये गोव्याच्या भागातून गोमंतकी आली, २०१७ मध्ये आंबोलीहून सेप्फी, त्याच सुमारास गोव्यातल्या जांभ्या सड्यांवरून गोएमची, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या उत्तर सह्याद्रीतून मराठी भाषेचं नाव धारण करणारी मिनर्वार्या मराठी. या मधल्या काळात जीनसचं नावही बदलत राहिलं: राना, मग लिम्नोनेक्टेस, मग फेजर्वार्या, काही काळ झाकेराना, आणि २०१८ च्या मोठ्या वंशवृक्षानंतर दक्षिण आशियातल्या या सगळ्यांसाठी मिनर्वार्या. तुम्ही जुने संदर्भ शोधाल तेव्हा ही पाचही नावं टाकून शोधा, नाहीतर निम्मं लिखाण तुमच्या हाती लागणारच नाही. आणि सिहाद्रेन्सिस व सह्याद्रिस ही दोन वेगळ्या बेडकांची नावं आहेत, आता ती एकाच जीनसमध्ये आली आहेत, तेव्हा नोंदी वाचताना एकेक अक्षर तपासा.

म्हणजे तुमच्या सड्यावरच्या बेडकाची गाठ आधी गोएमची, गोमंतकी आणि सेप्फी यांच्याशी घालून द्यायला हवी. हे तिन्ही तुमच्या घरापासून फार लांबचे नाहीत. ती तुलना झाल्याशिवाय "नवी" हा शब्द तोंडातून काढू नये, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

आता तीन टक्क्यांकडे वळू. १६एसचा जो साधारण पाचशे-साडेपाचशे अक्षरांचा तुकडा आपण वाचतो, त्यात तीन टक्क्यांच्या आसपासचा फरक हा इशारा म्हणून वापरायची पद्धत मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेतल्या बेडकांवरच्या कामातून रुळली. तो इशारा उपयोगी आहे. शेकडो नमुने समोर असताना कुठे थांबून नीट बघायचं हे त्याने कळतं. पण ज्यांनी ही पद्धत सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरली, त्यांनीच २००९ मध्ये मादागास्करच्या बेडकांची यादी करताना वेगळे निघालेले वंश तीन कप्प्यांत टाकले होते. ज्यांच्याबद्दल जनुकीय फरकापलीकडे काहीच माहीत नाही ते अजून सिद्ध न झालेले उमेदवार. ज्यांच्या जनुकीय फरकाला आवाजाचा किंवा शरीररचनेचा दुजोरा आहे ते सिद्ध झालेले उमेदवार. आणि तिसरा कप्पा अशा वंशांचा की जनुकीय फरक खोल आहे, पण बाकी सगळं बघता ते एकाच प्रजातीत मोडतात. हा तिसरा कप्पा लक्षात ठेवा. तुमचा सड्यावरचा बेडूक आज पहिल्या कप्प्यात आहे, आणि तिथून तो दुसऱ्यात जाईल की तिसऱ्यात हे अजून कोणालाच सांगता येणार नाही.

फरक खोल असूनही प्रजाती एकच कशी असू शकते? १६एस हा जीन माइटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीकेंद्राबाहेरच्या, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला. तो फक्त आईकडून येतो. बेडकाच्या माद्या आपल्या ओढ्याच्या, आपल्या खाचराच्या आसपासच राहत असतील आणि नर लांब भटकत असतील, तर आईकडच्या वंशात खोल फुटी दिसतील, पण पेशीकेंद्रातले जीन सगळीकडे मिसळलेले असतील. उलटही घडतं. दोन वेगळ्या प्रजातींचा जुन्या काळी कधीतरी संकर झाला आणि एकीचा माइटोकॉन्ड्रिया दुसरीत शिरून टिकून राहिला, तर १६एस म्हणेल की दोघी एकच. म्हणून पेशीकेंद्रातले निदान एक-दोन जीन तरी वाचून घ्या. बेडकांसाठी रॅग१, ऱ्होडोप्सिन, टायरोसिनेज हे नेहमीचे. ते सावकाश बदलतात, त्यामुळे अलीकडे वेगळ्या झालेल्या प्रजातींमध्ये ते सारखेच दिसू शकतात. त्यांत फरक दिसला तर तो वजनदार, नाही दिसला तर निर्णय तहकूब. आणि १६एसच्या जोडीला सीओआय आणि एनडी२ हे जीन वाचून "तीन जीनचा पुरावा" असं लिहू नका. तिन्ही माइटोकॉन्ड्रियातलेच. ते एकत्रच वारशाने येतात, म्हणून पुरावा एकच.

हा जो मुद्दा मी आत्ता सांगितला, तोच माझ्या सगळ्या कामाचा कणा आहे. पुराव्यांची संख्या मोजण्यापेक्षा ते एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत ते बघा, आणि ते सगळे एकाच जागी फूट दाखवतात का ते बघा. शेताची हद्द ठरवताना मोजणीचा नकाशा, बांध आणि वहिवाट तिन्ही एकाच रेषेवर आली की वाद मिटतो, तसंच हे आहे. आवाज सांगतो की हे पाच नर इकडचे आणि ते सहा तिकडचे. पेशीकेंद्रातले जीन, आवाज न ऐकता, त्याच अकरा नरांची वाटणी तशीच करतात. मोजमापंही तशीच करतात. असं झालं की फरक दोन टक्क्यांचा असला तरी मी दोन प्रजाती मानायला तयार असतो. आणि फरक सहा टक्क्यांचा असूनही बाकी कोणी त्या रेषेला दुजोरा देत नसेल, तर मी थांबतो.

आवाजाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या हातातला सर्वांत मोलाचा धागा तोच आहे आणि बहुतेकांकडून तो इथेच तुटतो. नर मादीला बोलावण्यासाठी जो कॉल देतो तो जोडीदाराच्या निवडीशी थेट बांधलेला असतो. वेगळा कॉल म्हणजे निसर्गातच उभा असलेला अडसर, निदान तशी शक्यता. पण कॉलमधली प्रत्येक गोष्ट सारख्या वजनाची नसते. मिनिटाला किती वेळा ओरडतो, सलग किती वेळ ओरडतो, हे शेजारी किती नर आहेत, पाऊस किती झाला, नर किती दमला आहे यावर बदलतं. याउलट एका कॉलमध्ये ठोके किती, ते किती वेगाने पडतात आणि कोणत्या वारंवारितेवर सर्वाधिक जोर आहे, या गोष्टी एका नरात बऱ्याच स्थिर असतात. त्यांवर भर द्या.

त्यातही दोन सापळे आहेत. ठोक्यांचा वेग तापमानावर अवलंबून असतो; गार रात्री तोच बेडूक सावकाश ठोके देतो. सडा उघडा, वारा लागणारा. खाचर खाली, दमट आणि उबदार. तुम्हाला ऐकू आलेला लयीतला फरक निव्वळ तापमानाचाही असू शकतो. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगबरोबर हवेचं आणि बेडूक बसलाय त्या पाण्याचं किंवा मातीचं तापमान लिहा, आणि एकाच जागी वेगवेगळ्या रात्रींची रेकॉर्डिंगं घ्या, म्हणजे तापमानाचा परिणाम वजा करता येईल. दुसरा सापळा असा की मोठ्या अंगाचा नर खालच्या पट्टीत ओरडतो. समजा सड्यावरचे नर लहान आहेत आणि त्यांचा आवाज वरच्या पट्टीतला आहे. हे दोन पुरावे वाटतात, पण आहे एकच: अंगाचा आकार. कॉलमधल्या ठोक्यांची रचना वेगळी निघाली तर मात्र ती आकाराने समजावून सांगता येत नाही.

रेकॉर्डिंग फोनवर केलं तरी चालेल, पण अॅप असं घ्या की फाईल वेव्ह स्वरूपात साठवेल. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला आवाज दाबला जातो आणि त्यातली बारीक रचना निघून जाते, तो विश्लेषणाला कुचकामी. फोन बेडकापासून अर्ध्या ते एका मीटरवर धरा. एका नराचे निदान दहा-पंधरा कॉल घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचं: ज्याचा आवाज घेतला तोच नर पकडा, त्याचाच फोटो, त्याचीच मोजमापं, त्याचाच ऊतीचा नमुना, आणि सगळ्यावर एकच क्रमांक. एका बेडकाचा आवाज, दुसऱ्याचा डीएनए आणि तिसऱ्याचं माप असं असेल तर तीन पुरावे एकमेकांना जोडायला जागाच उरत नाही. एकत्रित पुराव्यांची भाषा करणाऱ्या कित्येक शोधनिबंधांमध्ये हीच जोडणी नसते, आणि मला ते मनापासून खटकतं, कारण एवढी मेहनत करून रात्री जागवलेल्या असतात.

शरीररचनेबद्दल. पाठीवरून जाणारी फिकट मधली रेघ सोडून द्या. या गटात एकाच प्रजातीत, एकाच खाचरात काही बेडकांना ती असते आणि काहींना नसते. रंगही सोडून द्या, ओल्या मातीवरचा बेडूक तासाभरात उजळ किंवा गडद होतो. तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, डोक्याची रुंदी, कानाच्या पडद्याचा व्यास, मांडी आणि नडगीची लांबी, मागच्या बोटांमधल्या पडद्याचा विस्तार, टाचेजवळच्या गाठी, पाठीवरच्या उंचवट्यांची मांडणी, नराच्या स्वरपिशवीचा रंग आणि अंगठ्यावरची प्रजननकाळातली गादी, या गोष्टी घ्या. मापं फक्त प्रौढ नरांची नराशी आणि माद्यांची माद्यांशी लावा. फॉर्मालिनमध्ये ठेवलेला बेडूक आक्रसतो, तेव्हा जिवंत बेडकाचं माप बाटलीतल्या बेडकाच्या मापाशी भिडवू नका. आणि सगळी मापं एकाच माणसाने घेतलेली बरी. दोन हातांतला फरक कधी कधी दोन प्रजातींतल्या फरकाएवढा भरतो.

याच्या पुढचा भाग परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि त्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हे दोन्ही बेडूक कुठेतरी एकत्र राहतात का. सड्याच्या उतारावर, जिथे खाचरं वर चढत जातात, तिथे एकाच डबक्याकाठी दोन्ही कॉल ऐकू येतात का? येत असतील तर तुमचं नशीब थोर. एकाच जागी, एकाच रात्री दोन कॉल, आणि पेशीकेंद्रातले जीन मिसळलेले नाहीत, हा माझ्या मते बेडकांच्या वर्गीकरणातला सर्वांत भक्कम पुरावा आहे. संधी असूनही ते आपसात प्रजनन करत नाहीत, हे तिथे थेट दिसतं. जमलं तर एक साधा प्रयोगही करा: खाचरातल्या नराचा आवाज स्पीकरवर सड्यावरच्या नराजवळ लावा आणि तो प्रत्युत्तर देतो का, आपला कॉल बदलतो का ते बघा. नंतर उलट करा.

दोघे कुठेच एकत्र भेटत नसतील तर काम अवघड होतं. तेव्हा फरक दिसणं जवळपास ठरलेलंच असतं, कारण अंतर वाढेल तसा फरक वाढतोच. समजा तुम्ही आंबोलीचे काही आणि महाबळेश्वरचे काही बेडूक तपासले. वंशवृक्षावर दोन सुबक फांद्या दिसतील, आणि मन लगेच दोन नावं द्यायला धावेल. पण मध्ये राधानगरी आहे, चांदोली आहे, कोयना आहे. तिथले बेडूक घेतले की कदाचित त्या दोन फांद्यांमधली पोकळी भरत जाईल आणि कळेल की ही एकच सलग वस्ती आहे, टप्प्याटप्प्याने बदलत जाणारी. किंवा पोकळी तशीच राहील आणि एखाद्या नदीच्या खोऱ्याशी फूट नेमकी बसेल, तेव्हा हाती काहीतरी ठोस लागेल. म्हणून झुडपी बेडकांवरचं विजयकुमार आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं काम मला आदर्श वाटतं. त्यांनी पश्चिम घाटात पद्धतशीर नमुने घेतले आणि जनुकीय वंश, त्यांचा भौगोलिक विस्तार, शरीर व आवाज असं टप्प्याटप्प्याने तपासून राओर्केस्टेस जीनसमधल्या नऊ नव्या प्रजाती वर्णिल्या. तुमच्याकडे तेवढी ताकद नसेल, पण सड्यावरून खाचरापर्यंतच्या उतारावर चार-पाच ठिकाणी नमुने घेणं तुम्हाला शक्य आहे.

पुराव्यांचा आणखी एक प्रकार आहे ज्याकडे लोक फारसे बघत नाहीत: प्रजननाची रीत आणि हंगाम. उत्तर कन्नडमधल्या ओढ्यांत राहणारा निक्टिबॅट्रॅकस कुंभारा हा बेडूक २०१४ मध्ये वर्णिला गेला. त्याचा नर घातलेल्या अंड्यांवर हातांनी चिखल लिंपतो. शेजारीच राहणारा जोगचा रात्रबेडूक तसं करत नाही. इथे वागणूकच प्रजातीची ओळख झाली, आणि जनुकीय, आवाजाच्या व शरीराच्या पुराव्यांनी तिला साथ दिली. जांभळ्या बेडकाचं उदाहरण तर आणखी बोलकं. २००३ मध्ये केरळातून नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस जगासमोर आला. तो नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या सुरुवातीला प्रजनन करतो. २०१७ मध्ये पूर्व उतारावरून, तमिळनाडूच्या बाजूने, नासिकाबॅट्रॅकस भूपती वर्णिला गेला, तो ईशान्य मोसमी पावसात बाहेर येतो. डोंगर एकच, पण पाऊस वेगळा, म्हणून दोघांच्या मिलनाची वेळच जुळत नाही. आवाज, डिंभ (पाण्यातलं शेपटीवालं पिल्लू) आणि जनुकीय फरक या सगळ्यांना त्या हंगामाच्या फरकाने अर्थ मिळाला.

तुमच्याकडे सड्यावरची डबकी पहिल्या पावसात भरतात आणि उघडीप मिळाली की आटतात. खाचरं मात्र लावणीनंतर दोन-अडीच महिने पाणी धरून असतात. तेव्हा सड्यावरचे बेडूक कधी ओरडायला लागतात, अंडी कुठे घालतात, त्यांचे डिंभ किती दिवसांत पाय फुटून बाहेर पडतात, याची तारखांसकट नोंद ठेवा. डिंभाच्या तोंडाभोवतीच्या दातांच्या ओळी आणि शेपटीची ठेवण यांतही फरक सापडू शकतो. (झुडपी बेडकांवर काम करणाऱ्यांना हा पुरावा मिळत नाही, राओर्केस्टेसच्या अंड्यातून थेट चिमुकला बेडूकच बाहेर येतो.) डिंभ कोणाचा हे डीएनएने जुळवून घ्या, एकाच डबक्यात सापडला म्हणून गृहीत धरू नका.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: सड्यावरचे आणि खाचरातले, दोन्हीकडचे नर घ्या, प्रत्येकाचा आवाज, ऊती, माप आणि फोटो एकाच क्रमांकाखाली ठेवा, आईकडच्या जीनबरोबर पेशीकेंद्रातले जीन वाचा, तापमान लिहा, दोघे एकत्र भेटतात ती जागा शोधा.

पुरावे आपसात भांडले तर काय करायचं? हे हमखास होतं. माइटोकॉन्ड्रिया दोन म्हणतो, पण पेशीकेंद्रातले जीन मिसळलेले आहेत आणि कॉल एकच आहे, तर मी एकच प्रजाती ठेवतो आणि जनुकीय फरकाची नोंद करून पुढे जातो. कॉल ठळकपणे दोन आहेत, पण जीन जवळजवळ सारखे, तर दोन शक्यता उरतात: फूट अगदी अलीकडची आहे, किंवा पूर्वी संकर झालेला आहे. अशा वेळी पूर्ण जीनोमभर विखुरलेल्या खुणा तपासाव्या लागतात, त्यासाठी एखाद्या सुसज्ज प्रयोगशाळेची साथ घ्या. फक्त मोजमापं वेगळी आहेत आणि बाकी काहीच नाही, तर ते अन्नाच्या आणि पाण्याच्या फरकाने झालेलं असण्याची शक्यता मी आधी धरतो. सड्यावर लवकर बेडूक व्हावं लागतं, म्हणून अंगाने लहान राहिले असतील. निर्णय होत नसेल तर नाव न देता माहिती प्रसिद्ध करणं हाही पूर्ण सन्मानाचा मार्ग आहे. चुकीचं नाव एकदा छापलं गेलं की ते पुसायला पुढच्या पिढीला वर्षं घालवावी लागतात, आणि दरम्यान संवर्धनाच्या याद्या त्याच नावावर बनत जातात.

आता दुसरा प्रश्न, नावाचा. नाव हे वर्णनावर टांगलेलं नसतं, एका ठरावीक नमुन्यावर टांगलेलं असतं. त्याला टाइप म्हणतात, आणि तो जिथून आला ती जागा म्हणजे मूळ स्थळ. जुने टाइप बहुतेकदा फॉर्मालिनमध्ये किंवा जुनाट दारूत शंभर वर्षं राहिलेले असतात, त्यांचा रंग उडालेला, आवाज अर्थातच नाही. अशा जुन्या नमुन्यांमधून डीएनए काढण्याचं तंत्र आता आलं आहे आणि मादागास्करमधल्या काही बेडकांची नावं त्याने मार्गी लागली आहेत, पण ते खर्चिक आहे आणि दर वेळी यशस्वी होत नाही. आपल्याकडचा व्यवहार्य उपाय म्हणजे मूळ स्थळी पुन्हा जाणं. सिहाद्रेन्सिस कोण हे ठरवायचं तर वेण्णा खोऱ्यात मेढ्याला जा, पावसाळ्यात, तिथल्या नरांचे आवाज आणि ऊती घ्या, आणि ते नमुने अॅनंडेलच्या वर्णनाशी ताडून बघा. सेप्फीसाठी आंबोली. गोएमचीसाठी गोव्यातले सडे. हे केल्यावर जुन्या नावांना जिवंत बेडकाचा आवाज आणि डीएनए मिळतो, आणि मग तुमचा बेडूक कोणाच्या शेजारी बसतो हे बघता येतं. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार आधी दिलेलं नाव मानाचं, म्हणून हा फेरा टाळून पुढे जाता येत नाही. उड्या मारणाऱ्या इंडिराना या बेडकांच्या गटाचा २०१६ चा आढावा वाचा. पुण्याच्या संशोधकांचा त्यात मोठा वाटा आहे. जुनी नावं, नवे जीन आणि शरीररचना एकमेकांना कशी भिडवायची, आणि त्यातून वॉकेराना हा वेगळा जीनस कसा उभा राहिला, हे त्यात पायरीपायरीने दिसतं.

कामाला लागण्याआधी दोन व्यावहारिक गोष्टी. बेडूक पकडून ठेवायचा, मारायचा किंवा ऊती घ्यायच्या तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या, आणि ती एखाद्या महाविद्यालयामार्फत किंवा संस्थेमार्फत मागा. अर्ज मार्चमध्येच करा, कारण बेडूक जूनमध्ये ओरडायला लागतील आणि कागद तोवर फिरतच असेल. जैवविविधता अधिनियम २००२ नुसार नव्या प्रजातीचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यातलं केंद्र तुम्हाला जवळ पडेल. दुसरी गोष्ट ऊतीची: मांडीच्या स्नायूचा किंवा यकृताचा तुकडा शुद्ध इथेनॉलमध्ये आधी ठेवा, मग बाकीचा बेडूक फॉर्मालिनमध्ये. क्रम उलटला तर डीएनए खराब होतो. आणि प्रत्येक बेडूक मारायची गरज नसते. मोजके नमुने संग्रहासाठी पुरतात, बाकीच्यांच्या तोंडातून कापसाच्या बोळ्याने लाळ-पेशी घ्या, माप घ्या, आवाज घ्या आणि जिथे पकडला तिथेच सोडा. सड्यावरची वस्ती लहान असू शकते, आणि हल्ली खाणी, रस्ते आणि बांधकामं सड्यांवरच आधी चढतात. म्हणून नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका.

तुमच्याकडे आत्ता जे आहे त्यातून आधी एवढं करा. प्रयोगशाळेकडून सिक्वेन्सची मूळ फाईल मागवून घ्या आणि तिची तुलना गोएमची, गोमंतकी, सेप्फी, मराठी यांच्या मूळ वर्णनांबरोबर जमा केलेल्या सिक्वेन्सशी करा; साठ्यातल्या नुसत्या सर्वांत जवळच्या नोंदीशी करू नका. त्यांतल्या एखाद्याशी फरक अर्ध्या-एक टक्क्यात आला, तर सड्यावरच्या बेडकाचं नाव बहुधा तुम्हाला मिळालं, आणि पुढच्या पावसात त्याचा कॉल मूळ वर्णनातल्या कॉलशी ताडून ते पक्कं करता येईल. कोणाशीच जुळला नाही, तर खाचरातल्या दोन-तीन नरांच्या ऊती मिळाल्या की लगेच तोच जीन वाचून घ्या. ती फाईल आणि आवाजाची मूळ रेकॉर्डिंगं, तापमानाच्या नोंदींसह, माझ्याकडे पाठवलीत तर माझ्याजवळच्या मेढा आणि आंबोलीच्या आवाजांशी लावून बघायला मला मनापासून आवडेल.